गुहेत बारा महिने तेरा अंश

काल्हेर, ता. भिवंडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. करिष्मा हिस बाबांचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझे दिवाळीचे पत्र येऊन तीन महिने झाले. मी रोज वही काढत होतो, दोन ओळी लिहीत होतो आणि कागद फाडत होतो. तुझी हौसा आत्या म्हणाली, "वहीचं मढं झालं, पत्र न्हाय झालं." विचारायचे एका ओळीचे होते, पण त्या ओळीला तू नाही म्हणालीस तर काय, या भीतीने हात चालत नव्हता.

मला तुझ्याकडे यायचे आहे.

तू म्हणशील फोन का नाही केला. फोनचे तुला माहीत आहे. कामतघरला कापडाच्या लूमवर पस्तीस वर्षे काढली, दोन्ही कान तिथेच ठेवून आलो. तू फोनच्या काचेत दिसतेस, ओठ हलवतेस, मग हौसा माझ्या तोंडासमोर येऊन ओरडते आणि तिच्या ओठांवरून मला कळते. त्यात तुझे निम्मे असते आणि निम्मे तिच्या पदरचे. शिवाय फोनवर तू सारखी हसतेस. कागदावर माणसाला इतके हसता येत नाही, म्हणून मला कागद बरा. नाक्यावरचा कुमार झेरॉक्सवाला माझे पत्र मशीनवर ठेवून तुला पाठवतो आणि तुझे छापून देतो. तो सगळी पत्रे वाचतो हे मला ठाऊक आहे. वाचू दे.

तुझी आई जाऊन चार वर्षे होतील. पासपोर्टवर अमेरिकेचा शिक्का आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतला होता. कमळचा वाया गेला. माझा अजून चालतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी तू तिकडच्या त्या मोठ्या गुहेच्या तोंडाशी उभी राहून पिवळ्या साडीत फोटो काढला होतास आणि मागे लिहिले होतेस, "बाबा, तुम्ही आलात की आधी इथे." वर वाळवंट आणि पोटात एवढी गुहा की काल्हेरची सगळी गोदामे तिच्यात मावतील. आता तर तू त्या गुहेच्याच उद्यानात नोकरीला आहेस. मी सगळ्यांना सांगून ठेवले आहे की आमची करिष्मा गुहेची साहेबीण आहे.

मार्चमध्ये येऊ का? तिथे हवा कशी असते? वाळवंट म्हणजे ऊन, पण गुहा म्हणजे गारवा, मग अंगात काय घालायचे? माझ्याकडे चार पँटी आहेत, तुझ्या आईने विणलेला लोकरीचा स्वेटर आहे, कानटोपी आहे. बूट नाहीत. कसले घेऊ ते लिही. विवेकरावांना नमस्कार सांग.

तुझा बाबा,
केसरीनाथ


१५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना नमस्कार.

पत्र वाचून खूप बरं वाटलं. तुम्ही येणार हे वाचून नाचलेच. पण बाबा, मार्च-एप्रिल नको. त्या दोन महिन्यांत इथे वारा सुटतो. आपल्याकडचा वारा नव्हे. धूळ अशी उडते की समोरचा रस्ता दिसत नाही, उभा माणूस कलंडतो. तुमची छाती आधीच कापसाने भरलेली. जरा थांबू या.

तयारी मात्र करून ठेवा. बूट रबरी तळव्याचे, पकड असलेले घ्या. गुहेतली वाट ओली आणि उताराची असते. घेतल्यावर पंधरा दिवस घालून फिरा, नाहीतर इथे येऊन पाय सोलतील. वर कितीही तापलं किंवा गोठलं तरी गुहेच्या आत बारा महिने तेराच अंश. भिवंडीत भर दिवसा तेवढी थंडी तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून एक जाड कपडा हवा. आत पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखूची पुडी तर नाहीच नाही! आणि दगडाला हात लावायचा नाही, हाताच्या तेलाने तो मरतो.

विवेकला काम खूप आहे. तो मजेत.

तुमची करिष्मा

ता. क. साहेबीण वगैरे सांगत फिरू नका हो.


काल्हेर
४ मार्च २०२५

चि. करिष्मा हिस आशीर्वाद.

मग मे महिना धरू. तू अशा वाऱ्यात कामावर कशी जातेस? तोंडाला फडके बांधत जा. ओले बांध, कोरडे नको. लूमवर आम्ही तसेच करत असू.

तू सांगितलेस तसे बूट घेतले. काळे, रबरी तळव्याचे. रोज नाक्यापर्यंत घालून जातो. हौसा म्हणते, "म्हातारा झाला नि पलटणीत भरती झाला."

एक काम चांगले झाले, ते सांगतो. आपल्या घरची रीत तू विसरली नसशील. माझ्या बापाने खारबावला नवे जाळे देवीपुढे ठेवल्याशिवाय कधी खाडीत टाकले नाही, आणि लांबचा प्रवास असेल तर सामान लोनाडच्या लेण्यातल्या देवीकडे न्यायचे. तुझी अमेरिकेची बॅग तुझ्या आईने डोक्यावर धरून नेली होती. परवा मी बॅग भरली, पँटी, शर्ट, स्वेटर, कानटोपी, आणि रिक्षाने लोनाडला गेलो. बूट दाराशी काढून पिशवीत घातले आणि तेही आत नेले, कारण चालायचे तर त्यांनाच आहे. सगळे देवीपुढे ठेवले. अर्धा तास बसलो. आत गार होते आणि छताला तीन-चार वटवाघळे लटकली होती. त्यांनाही हात जोडले, म्हटले तुमच्या जातभाईंकडे चाललो आहे. आता तिथल्या गुहेत मला काही होणार नाही.

मेची कुठली तारीख धरू? कुमार म्हणतो तिकीट लवकर पाहिले पाहिजे. हल्ली तुझे उत्तर यायला वेळ लागतो. मी रोज त्याच्या दुकानात जातो आणि तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

तुझा बाबा


२४ मार्च २०२५

ती. बाबांना नमस्कार.

बाबा, काय केलंत हे! हसू की रडू कळेना.

दुसऱ्या कुठल्याही गुहेत नेलेले बूट, कपडे, पिशवी इथल्या गुहेत चालत नाहीत. कडक नियम आहे. वटवाघळांचा एक रोग आहे, नाकावर पांढरी बुरशी येते आणि थंडीत झोपलेली वटवाघळं मरतात, लाखांनी मेली आहेत. ती बुरशी माणसाच्या बुटांना, कपड्यांना चिकटून एका गुहेतून दुसरीत जाते. दाराशी विचारतातच, "याआधी कुठल्या गुहेत गेला होतात? हेच बूट होते का?" तुम्ही तर अख्खी बॅग गुहेत ठेवून आलात, वर वटवाघळांना नमस्कार! ते कपडे आणि बूट आणायचे नाहीत. दुसरे घ्या.

आणि आईचा लोकरीचा स्वेटर तसाही नको. लोकरीचं तूस झडतं आणि दगडावर जाऊन बसतं. ते काढता काढता गुडघे फुटतात.

मेचं म्हणाल तर मे-जूनमध्ये इथे चाळीसच्या वर जातं. गुहा गार, पण गुहेपर्यंत जायचं, गाडीतून उतरायचं, सगळं उन्हात. मागच्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ गाडीतळावरच कोसळले. मला तुमचं तसं व्हायला नको. पुढे बघू.

करिष्मा


काल्हेर
७ एप्रिल २०२५

चि. करिष्मा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. त्या लेण्यातली वटवाघळे मी मरायला तर घातली नाहीत? की त्यांच्याकडून मी काही घेऊन आलो? परवा पुन्हा लोनाडला जाऊन दाराबाहेरूनच पाहिले, लटकलेली होती. हौसा म्हणते, "वटवाघलाचं नाक बघाला रिक्षा करून गेलास, भैनीचा दमा दिसत न्हाय तुला."

सगळे कपडे उकळले. बूट फिनेलच्या पाण्यात बुडवून ठेवले, तर तळवे सुटले. दुसरे बूट आणले, दुसरी बॅग आणली. ही देवीला दाखवलेली नाही. करिष्मा, हे मला फार टोचते. आपल्या घरातून देवीला न दाखवता आजवर कोणी खाडी ओलांडली नाही. पण तुझ्या साहेबांचा नियम मोडला आणि तुझ्या नोकरीवर आले तर? म्हणून मी देवीला दुरूनच सांगितले की आजारी वटवाघळांची गोष्ट आहे, तू समजून घे. तिने समजून घेतले असेल ना?

आता चार-पाच दिवस चालता येणार नाही, काल नव्या बुटाने पाय चावला आहे. काळजीचे नाही.

तू लिहिलेस, तूस काढता काढता गुडघे फुटतात. कोणाचे? साहेब लोकांना असे काम लागते का? त्या बिचाऱ्या माणसांना बसायला पोते द्यायला सांग. तुझ्या हाताखालची असतील तर बघ.

ऊन मला चालते. डोक्यावर ओला टॉवेल टाकीन. तरी तू मे नको म्हणतेस तर नको. जुलै? लवकर सांग. मी फार वेळ थांबू शकत नाही, म्हणजे तिकिटे महाग होतात असे कुमार म्हणतो.

तुझा बाबा


२ मे २०२५

ती. बाबांना नमस्कार.

घाईत लिहिते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर इथला पावसाळा. पाऊस थोडाच, पण आला की कोरड्या ओढ्यांना क्षणात पूर येतो, गाड्या वाहून जातात, उद्यानाचा रस्ता बंद पडतो. विजा तर विचारू नका. ऑक्टोबरात दिवसा गरम, पहाटे गार, तुमच्या छातीला तेच वाईट. नंतर हिवाळा. बर्फ, निसरडं.

आपण नीट विचार करून ठरवू. तुमचा पाय बरा झाला का? बूट एवढा चावतो का? आणि अक्षर एवढं मोठं का काढता हल्ली? शेवटच्या पानावर ओळी एकमेकींवर चढल्यात.

करिष्मा


काल्हेर
११ मे २०२५

चि. करिष्मा,

भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून चटईवर ठेवले आणि तुझी सगळी पत्रे शेजारी मांडली. मी चौथी शिकलेला माणूस, पण महिने मोजता येतात. मार्च-एप्रिल वारा. मे-जून ऊन. जुलै ते सप्टेंबर पूर. ऑक्टोबर माझी छाती. पुढे फेब्रुवारीपर्यंत बर्फ. प्रत्येक पानावर पेन्सिलीने फुली मारत गेलो. बाराही पानांवर फुली झाली.

देवाने त्या गावाला माणसाने यावे असा एकही महिना दिला नाही का? मग तू तिथे नऊ वर्षे कशी राहतेस?

हौसा म्हणाली, "आरं, तुला नको बोलते ती. हवेचं निमित्त. पोर साहेबीण झाली, तुझी लाज वाटते तिला." मी तिला ताट फेकून मारणार होतो. मारले नाही. कारण माझ्या मनात तेच होते.

तसे असेल तर तसे लिही. मी बहिरा आहे, मोठ्याने बोलतो, जेवताना आवाज होतो, इंग्रजी येत नाही. तुझ्या घरात पाहुणे येतील तेव्हा मी आतल्या खोलीत बसेन. चार दिवस ठेव. दोन ठेव. गुहा दाखवू नकोस हवे तर. मला गुहा बघायची नाही. मला तुझे तोंड बघायचे आहे आणि ते या वर्षीच बघायचे आहे. का ते विचारू नकोस.

एक महिना सांग.

बाबा


काल्हेर नाका
८ जून २०२५

करिष्मा ताई,

मी कुमार, झेरॉक्सवाला. काकांना न विचारता लिहितोय. कळलं तर चपलेने मारतील, पण महिना झाला, तुमचं उत्तर नाही आणि काका रोज दुकानात येऊन स्टुलावर बसतात. मला आता बघवत नाही.

ताई, काकांची नजर चाललीये. काचबिंदू. उजवा डोळा थंडीतच पूर्ण गेला. डाव्याने मधलं थोडं दिसतं, आजूबाजूचं नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, औषधाने उरलेलं जपायचं, आणि उरलेलं फार नाही. दिवाळीपर्यंत म्हणाले. आधीही जाईल म्हणाले.

एप्रिलमध्ये पाय बुटाने चावला नव्हता. गोदामाबाहेर टेम्पो रिव्हर्स येत होता. काकांना उजवीकडचं दिसलं नाही आणि हॉर्न ऐकू आला नाही. पायाची दोन बोटं मोडली. एकवीस दिवस घरात होते. तेव्हाही तुमचं पत्र आलं का म्हणून आत्याबाईंना पाठवत होते.

तुमची पत्रं मी आता एवढ्या मोठ्या अक्षरात छापतो की मेची बारकी चिठ्ठी सहा पानं झाली. काका मला विचारतात, "कुमार, तिचं अक्षर लहान होत चाललंय का रे?" मी म्हणतो, हां काका, मशीन खराब हाय.

कानाने ऐकू येत नाही. उद्या वाचता येणार नाही. मग तुम्ही त्यांना काही सांगायचं म्हटलं तर सांगणार कसं? हातावर लिहिणार? त्यालाही जवळ असावं लागतं ना.

लहान तोंडी मोठा घास, पण एक महिना सांगून टाका. वादळातला सांगितला तरी चालेल.

कुमार


१४ जून २०२५

बाबा,

कुमारदादांनी सगळं कळवलं. त्यांना मारू नका. तुम्ही लपवलंत म्हणून मी रागावणार होते, मग म्हटलं, मी कुठल्या तोंडाने रागावू?

विवेक माझ्याबरोबर राहत नाही. पावणेदोन वर्षं झाली. तो दुसऱ्या शहरात गेला, जानेवारीत कागदोपत्रीही सुटलो. भांडण झालं नाही, मारझोड नाही, एक दिवस म्हणाला जमत नाही आणि गेला. आईच्या वेळेला मला येता आलं नाही, ते दुःख तुम्ही गिळलंत. त्यावर हे कसं सांगू, असं करत दिवस गेले.

मी गावाबाहेर चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहते. एकच खोली. साहेबीण मी कधीच नव्हते. गुहेत साफसफाईला आहे. आधी संडास आणि उपाहारगृह होतं, हिवाळ्यापासून आत घेतलं. तुम्ही विचारलंत ना, गुडघे कोणाचे? माझे.

रोज हजारो माणसं गुहेत येतात. त्यांच्या कपड्यांतून, केसांतून तूस पडतं. ते दगडांवर साचून राखाडी थर होतो, त्यात किडे होतात, दगड खराब होतो. आम्ही गुडघ्यांवर बसून ब्रशने आणि चिमट्याने ते वेचतो. पहिल्या दिवशी माझी पिशवी भरली तेव्हा मी ती उघडून बघतच राहिले. तुम्ही ड्युटीवरून आलात की आई तुम्हाला दारातच उभं करून फडक्याने झटकायची, भुवयांपर्यंत कापूस. आणि तुम्ही म्हणायचात, "माझ्या पोरीच्या अंगावर हे पडता कामा नये." बाबा, एवढी शिकले, एवढ्या लांब आले आणि तेच वेचते आहे.

म्हणून मी महिने सांगत गेले. वारा खरा आहे, ऊन खरं आहे, पूर खरा आहे. त्यातलं काही खोटं नाही. फक्त त्या सगळ्यांत माणसं येतात, रोज येतात, तुमच्याहून म्हातारी येतात.

तुमची लाज नाही वाटली मला, कधीच नाही. हौसा आत्याला सांगा.

पण येऊ नका. माझ्याकडे दुसरी खाट नाही, तुम्हाला दिवसभर एकटं ठेवून कामावर जावं लागेल. आणि तुमच्याकडे थोडीच नजर उरली आहे, ती या पत्र्याच्या खोलीवर खर्च करू नका. पिवळ्या साडीतला तो फोटो तुमच्या डोळ्यांत राहू दे. शेवटचं म्हणून तोच चांगला.

करिष्मा


काल्हेर
१९ जून २०२५

चि. करिष्मा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र चौदा पाने झाले. कुमारने छापले आणि मी वाचत असताना तो शटर अर्धे ओढून बाहेर जाऊन उभा राहिला. वाचायला दोन तास लागले. आता लिहायला किती लागतील कोण जाणे. कुमारने जाड पेनने ओळी आखून दिल्या आहेत, तरी मी कुठे घसरलो तर समजून घे.

आधी फोटोचे. तू म्हणतेस तो डोळ्यांत राहू दे. पोरी, त्या फोटोत मला आता तुझे तोंड दिसत नाही. शिमग्यापासून दिसत नाही. भिंग लावले, उन्हात धरला. साडीचा पिवळा रंग दिसतो आणि वर एक काळे, ते गुहेचे तोंड असेल किंवा तुझे केस असतील. तू मला जे ठेवून घे म्हणतेस ते माझ्याकडे नाहीच. म्हणून तर मी फेब्रुवारीपासून तुझ्या दाराला धडका देतो आहे.

मला जे दिसते ते सांगतो. लेण्याच्या आत बसून बाहेर पाहावे तसे. चारी बाजूंनी काळोख आणि मधोमध उजेडाचे एक भोक. रोज सकाळी मी हात लांब धरून त्या भोकात किती बोटे मावतात ते मोजतो. होळीला चार होती. आज दोन आहेत, दुसरे अर्धेच. तोंड बघायला भोक लहान पडेल, पण जवळ बसलीस तर एकेक डोळा, नाक, हनुवटी असे करून मी पूर्ण बघेन. मला घाई नाही. म्हणजे तिथे पोचल्यावर घाई नाही. इथे आहे.

विवेकरावांचे मी काही बोलत नाही. गेले तर गेले. तू एकटी जेवतेस हे वाचून मात्र मला घास उतरला नाही. हौसाला सांगितले तर ती रडली आणि मग म्हणाली, "चाकावरचं घर हाय ना, मंग ढकलत हिकडं आण म्हणावं." तिचे असेच.

तुसाची तुला लाज वाटली? करिष्मा, तुझी पाटी, तुझे कॉलेज, तुझा मांडव, सगळे त्या तुसातून उभे राहिले. मी तुला त्यातून दूर ठेवत होतो, कारण ते छातीत बसते. ते हलके आहे असे मी कधी म्हटले नाही. आणि तुझे तूस कोणाचा माल काढताना उडत नाही, तू ते दगडाच्या अंगावरून काढतेस. देवीच्या अंगावरची धूळ पुसतात तसे. मी नाक्यावर सगळ्यांना साहेबीण सांगितले होते, आता खरे काम सांगून आलो. कोणी हसले नाही. लडकू टेम्पोवाला, ज्याने माझी बोटे मोडली तोच, म्हणाला, "काका, गुहा झाडून काढाला अमेरिकेला पण आपलीच पोर लागते काय!" आणि चहा पाजला.

आता माझे ऐक. मला या कामातले कळते. लूमवर धागा तुटला की आम्ही डोळ्यांनी शोधत नव्हतो. उजेड कमी, हवेत कापूस, डोळ्यांना काय दिसणार? बोट फिरवायचे, तुटलेले टोक बोटाला लागायचे. पस्तीस वर्षे मी केसाहून बारीक धागा बोटाने शोधला. दगडाला हात लावायचा नसतो हे माझ्या ध्यानात आहे, तेव्हा दगड तुझा. पण रोज संध्याकाळी तुझ्या कपड्यांवरचे, केसांतले तूस मी दारात उभे करून काढीन, तुझी आई काढायची तसे. त्याला नजर लागत नाही. दिवसभर मी त्या खोलीत एकटा राहू शकतो. ऐकू येत नाही त्याला शेजारचा आवाज नाही, दिसत नाही त्याला पत्रा दिसत नाही. खाट नको, मी चटई आणतो.

बॅग अशी भरली आहे. लोकरीचे काही नाही. सुती पण नाही, सुती झडते. चार पँटी आणि चार शर्ट टेरिलीनचे, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून ओढून पाहिली, पट्टी स्वच्छ निघाली. गुळगुळीत कापडाचे जाड जाकीट, तेरा अंशांना पुरेल असे दुकानदार म्हणाला. रबरी तळव्याचे बूट, ते कुठल्याच गुहेत गेलेले नाहीत, शपथेवर सांगेन. उन्हाला टोपी, वाऱ्याला फडके. पावसाला काही घेतले नाही, कामवारी नदीचे पाणी छातीइतके घरात शिरले तेव्हा तुला खांद्यावर घेऊन मीच बाहेर पडलो होतो, पूर मला शिकवू नकोस. डोळ्यांच्या थेंबांच्या सहा बाटल्या. तंबाखू नाही. आईचा स्वेटर देवीला वाहिला नाही, हौसाला दिला. विमानतळावर चाकांच्या खुर्चीवरून नेतात, तो अर्ज कुमारने भरला आहे. फक्त तारखेची जागा कोरी आहे.

तू म्हणतेस कुठलाच महिना बरा नाही. पण तूच लिहिले आहेस, गुहेच्या आत बारा महिने तेरा अंश. तिथे वारा नाही, ऊन नाही, बर्फ नाही. मग मला तिथेच भेट. वर काय चालले आहे त्याच्याशी आपल्याला काय करायचे? काळोख असेल तर असू दे, मला आता त्याचीच सवय करायची आहे. तुझ्या शेजारी बसून करू दे. इथे एकट्याने नको. मला फार भीती वाटते, करिष्मा. हे मी हौसाला सांगितलेले नाही.

लांब पत्र लिहू नकोस. चौदा पाने आता मला झेपत नाहीत. फक्त महिन्याचे नाव लिही. कुमार एका पानावर एकच अक्षर छापणार आहे. ऑगस्टची तीन-चार पाने होतील, तेवढी मी वाचीन.

आज लिही, उद्या तरी लिही, पण लवकर कळव. या आठवड्यात मला अजून वाचता येते आहे.

तुझा बाबा,
केसरीनाथ